पालखीतली लोकर

राघू मेंढपाळ काही मोठा माणूस नव्हे. त्याच्यावर कुणी लिहावं असं त्यानं आयुष्यात काही केलं नाही, आणि जे एक केलं ते आमच्या गावानं ऐकून घेतलं नाही. म्हणून मी लिहायला बसलोय. मी धरमचंद, गावातल्या खता-औषधांच्या दुकानाचा मालक. गावाचं नाव सांगणार नाही. डिंगोऱ्याकडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला आत, एवढं पुरे. नाव घेतलं तर उद्या चार माणसं माझ्या दारात येऊन बसतील, आणि माझं डोकं किती लवकर फिरतं ते माझ्या बायकोला, पानबाईला विचारा.

माझे पणजोबा मारवाडातून पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन आले. माझा जन्म इथला, शाळा इथली, शिव्यासुद्धा मला इथल्याच येतात. तरी कुणाशी वाजलं की चौथ्या वाक्याला 'मारवाडी' येतंच. राघूचंही तसंच. अडतीस वर्षांपूर्वी तो पारनेरकडून मेंढरांचा वाडा घेऊन कोकणात उतरायला निघाला होता. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं असा सगळा चालता संसार. आमच्या गायरानाच्या कडेला त्याच्या बायकोला, रतनबाईला कळा सुरू झाल्या. पोरगं झालं, मच्छिंद्र. वाडा पुढं गेला, आणि हे मागं राहिले ते राहिलेच.

तेव्हा लोकांना राघू हवा होता हो! "राघू, आमच्या वावरात बसव रे मेंढरं," म्हणून लोक त्याच्यामागं लागायचे. शंभर मेंढरं चार दिवस रानात बसली की लेंड्यामुतानं जमीन अशी पिकायची की बघत राहावं. गावचा मोठा बागायतदार गेणभाऊ, त्याच्या वडिलांनी स्वतः उभं राहून राघूला गायरानाच्या कडेला दगडाचं घर बांधू दिलं. पुढं माझ्या दुकानात खताच्या गोण्या आल्या, टोमॅटो आला, वावरात प्लॅस्टिकचा कागद अंथरायला लागले, आणि मेंढरं नकोशी झाली. राघू मात्र राहिला. रेशनकार्ड झालं, मतदान झालं. पण गावाच्या लेखी तो 'मेंढरंवाला' तो मेंढरंवालाच. जत्रेत मानाचे नारळ वाटताना त्याचं नाव कधी निघालं नाही. त्याला ते लागायचं. बोलायचा नाही, पण मला कळायचं, कारण मलाही लागायचं.

गावात त्याची अशी एकच गोष्ट होती. चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते. त्या दिवशी पालखीत देवाखाली राघूच्या मेंढरांची ताजी लोकर अंथरतात. कधी, कशी पद्धत पडली कुणास ठाऊक. जत्रेआधी तो सगळा कळप पाझर तलावात धुवायचा, एकेक मेंढरू चोळून चोळून, दुसऱ्या दिवशी कातरायचा, आणि सगळ्यात पांढरी लोकर निवडून नव्या फडक्यात बांधून ठेवायचा. पालखी उचलली की हा लांब उभा राहून बघायचा. एवढाच त्याचा मान.

आणि आमचं दोघांचं एक होतं. भाद्रपदात आम्हा जैनांची संवत्सरी असते, माफी मागायचा दिवस. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडतो, 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतो. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. लोक हसून पुढं जातात. राघू थांबायचा आणि दर साली तेच म्हणायचा, "काय वाकडं केलंय शेठ तुमी माजं? उगं आपलं काय तरी."

आता फुलमतीचं सांगतो. टोमॅटो आणि कांद्याच्या कामाला पाचसहा वर्षांपासून लांबलांबची माणसं यायला लागली. गायरानावर आधी चार झोपड्या होत्या, बघता बघता चाळीस झाल्या. फुलमती झारखंडची, नवऱ्याबरोबर आलेली, तिशीतली, अंगानं काटकुळी. तिची झोपडी राघूच्या घरामागं. गेल्या पावसाळ्यात रतनबाई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि म्हातारी खाटेला खिळली. मच्छिंद्र चाकणला कंपनीत. राघूनं मेंढरं चारायची की बायकोची उठबस करायची? पहिले आठ दिवस त्यानं मेंढरं कोंडून ठेवली. चाऱ्यावाचून ओरडणारी मेंढरं आणि आत कण्हणारी बाई, यांच्यामध्ये तो माणूस उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता, मी पाहिलंय.

फुलमतीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. कामाला जाण्याआधी आणि आल्यावर, रोज दोनदा. रतनबाईला कुशीवर वळवायची, पुसायची, वेणी घालायची. हिला मराठी येईना, तिला हिंदी येईना. "माई, उठो," एवढं एक पुरायचं. आई मेलेली कोकरं तीच बाटलीनं पाजायची. राघू मला म्हणाला, "शेठ, मला लेक न्हाई. पर आसती तर येवडं केलं आसतं का, काय की."

यंदा चैत्रात गोचीड लई माजले. मेंढरांच्या कानात, काखेत नुसते लटकलेले. जत्रा अकरा दिवसांवर होती. सोमवारी राघू दुकानात आला, मी त्याला औषधाची बाटली दिली. किती पाण्यात किती घालायचं ते सांगितलं. "हातमोजे घाल, तोंड बांध," तेही सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

नेहमीचा क्रम असा, की आधी धुवायचं, मग कातरायचं, आणि औषध शेवटी. यंदा गोचीडांपायी औषध आधी लागलं. आणि मंगळवारी सकाळी राघूनं मेंढराच्या पाठीत नाक घातलं, तर औषधाचा उग्र वास. हा वास देवाखाली कसा अंथरायचा? देवाची लोकर! झालं. त्यानं एकशेचाळीस मेंढरं तलावात घातली आणि वास जाईपर्यंत एकेक चोळून काढलं. दरवर्षी एका घासणीत भागायचं, यंदा तीनतीनदा घासलं. पूर्वी चैत्रात तलाव छातीएवढा असायचा. यंदा गुडघाभर पाणी होतं.

गुरुवारी मासे वर आले. सगळ्या काठानं पांढरी पोटं. फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, आणि दुपारपर्यंत त्याखाली मजकूर आला, की हे बाहेरच्यांचं काम, तलावाचा संडास केलाय यांनी. तलावाखालच्या विहिरीचं पाणी अंगणवाडीला जातं. तिथल्या दोन पोरांना उलट्या झाल्या. पाण्यानं झाल्या की उन्हानं, देव जाणे. पण आता कुणाला थांबवणार?

शुक्रवारी दुपारी ग्रामसभा ठेवली. त्या सकाळी राघू रिकामी बाटली घेऊन माझ्याकडं आला. 

"शेठ, येवडं वाचा की. ह्येनं मासं मरत्यात का?"

त्यानं मंगळवारचं सगळं सांगितलं. मी चष्मा लावला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पाण्यापासून दूर ठेवा, माशांना घातक. बारा वर्षं मी ते औषध विकतोय, आणि एकाही माणसाला हे वाचून दाखवलेलं नाही. पानबाई मला कायम टोचते, "मुंगी मरू नये म्हणून दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि दिवसभर विष विकता." मी तिच्यावर खेकसतो. त्या दिवशी ती आतून सगळं ऐकत होती.

"मंग म्या सांगून टाकतो सभंत," राघू म्हणाला. "बिचाऱ्यांचं नाव निघालंय."

मी त्याच्या अंगावर ओरडलो. "गप बस! अक्कल आहे का? तोंड उघडलंस तर आधी तुझी मेंढरं गावाबाहेर जातील, मग माझं दुकान. आपण कोण आहोत इथं? तू मेंढरंवाला आणि मी मारवाडी! गावाला काय, दोनचार दिवस ओरडेल आणि विसरेल."

त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली. मग म्हणाला, "तुमाला जास्त कळतं शेठ." बाटली कोपरीच्या खिशात घालून गेला.

सभा मात्र ओरडून विसरणारी नव्हती. गेणभाऊ उठला. हा माणूस वाईट नाही, सांगून ठेवतो, पण त्याचा आवाज असा, की तो बोलला की ते खरंच वाटतं. "गाव दोन हजारांचं," तो म्हणाला. "तलाव दोन हजारांचा. त्यावर दोनशे माणसं वरून येऊन बसली. गायरानावरची बाभळ चुलीत गेली. ओढ्याला जायचं तर नाकाला रुमाल लावा. उद्या चारशे येतील, मग काय प्यायचं आपल्या पोरांनी?"

भागूबाई, एकटीनं दोन एकर कसणारी बाई, बसल्या जागेवरनंच कडाडली. "मान्सं मोजतोस, मंग बोअर बी मोज की! तलावाच्या उशाला एकोनीस बोअर हायती, त्यातलं चार तुजं. आन् माजा टमाटा कोन तोडनार? तुजी सून येती का?"

लोक हसले. पण गेणभाऊ जे म्हणत होता तेही खोटं नव्हतं. ओढा घाण झाला होता, बाभळी गेल्या होत्या, चाळीस झोपड्यांना एक संडास कुणी बांधून दिला नव्हता. आणि भागूबाईचंही खरं होतं. दर हंगामाला आम्ही वावरातला प्लॅस्टिक कागद बांधावर जाळतो, त्या धुराची कुणी सभा घेत नाही. असं दोन्हीकडून चाललं असतं संध्याकाळपर्यंत. पण कुणीतरी माशांचा फोटो पुढं धरला, अंगणवाडीतल्या एका पोराची आई रडायला लागली, आणि वाद संपला. सरपंच भरत तरुण आहे, त्याला पुढची निवडणूक दिसते. ठराव झाला, की दोन दिवसांत गायरान मोकळं करायचं. ग्रामसेविका सुप्रिया मॅडमनी लिहून घेतला. झोपड्यांतून कुणाला बोलावलंसुद्धा नव्हतं. राघू खांबाला टेकून बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. मी जमिनीकडं बघत होतो.

रविवारी सकाळी टेम्पो आले. फुलमती रतनबाईजवळ आली, तिची वेणी घातली, कोकरांची बाटली धुऊन खाटेखाली ठेवली. "बाबा, माई को दोपहर में करवट देना," असं राघूला दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "मछली हमने नहीं मारी, बाबा." राघू खाटेखालची बाटली उचलून उगाच पुसत बसला. टेम्पो वळला तेव्हा रतनबाई आतून हाका मारत होती, "ये बाय! ये बाय!" नाव तिला कधी नीट घेता आलं नव्हतं.

सोमवारपासून राघू पिसाटल्यासारखा तिला शोधत हिंडला. कुणी सांगितलं, ती टोळी आंबेगावात महाळुंगे पडवळला कांदा काढायला गेली. एसटीनं तिथं गेला. ती माणसं दुसरीच निघाली. कुणी म्हणालं, अवसरीला कॉलेजकडं खोल्यांची बांधकामं चाललीत, तिथं बघा. तिथं वाळूच्या ढिगापाशी बसलेल्या प्रत्येक बाईचं तोंड बघत तो फिरला, वॉचमननं हाकललं. तीन दिवस. इकडं मेंढरं कोंडलेली, आणि रतनबाईला पाणी द्यायला पानबाई जायची. पण वळवायला पानबाईला जमेना, तिचेच गुडघे गेलेत. बुधवारी म्हातारीच्या पाठीला जखम दिसली. राघू संध्याकाळी परत आला, त्यानं ती जखम बघितली आणि पानबाईसमोर लहान पोरासारखा रडला.

शुक्रवारी जत्रा. सकाळी दहाचा सुमार, देवळापुढं सगळं गाव. पालखी सजलेली, देवाखाली राघूची पांढरीशुभ्र लोकर अंथरलेली. भरतनं हात लावला, ताशा वाजणार, एवढ्यात राघू पुढं आला. जो माणूस अडतीस वर्षं लांब उभा राहिला, तो पालखीच्या दांड्याला धरून उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "मासं म्या मारलं. औषीद लावलेली मेंढरं तळ्यात धुतली. ही लोकर त्येच्यापायीच येवडी पांडरी हाय. त्या गरिबांनी कायबी केलं न्हाई. मॅडम, तुमी लिवा आन् त्यास्नी माघारी बोलवा."

सुप्रिया मॅडमनी भरतकडं पाहिलं. भरतनं गेणभाऊकडं. आणि गेणभाऊ हसला. पुढं येऊन त्यानं राघूच्या खांद्यावर हात टाकला. "अरे राघूआबा, काय हे? घरात आजारपण, डोक्याला ताप झालाय तुझ्या. मेंढरं काय यंदाच धुतोस का तू? दरवर्षी धुतोस, कधी मेले का मासे? माझ्या बापानं बसवलेला माणूस तू. आपला माणूस आहेस."

आपला माणूस! ज्या शब्दासाठी तो झुरला, तो त्याला असा मिळाला.

"मी खरं सांगतोय, राव!" राघू ओरडला. त्यानं कोपरीतून बाटली काढली. "शेठला इचारा. बाटली त्यांच्या दुकानातली हाय. त्यास्नी समदं म्हाईत हाय."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. गेणभाऊ म्हणाला, "बोला धरमशेठ. तुम्ही तर आपलेच. तुमच्या दुकानातली आहे का ही?"

आपलेच. मलाही. पुढं काय होणार ते मला सगळं दिसलं. तपासणी, परवाना, दुकानाला कुलूप, आणि 'मारवाड्यानं गावाला विष पाजलं' हे सात पिढ्या. आणि हेही दिसत होतं, की मी एक 'हो' म्हटलं की ठराव टिकत नाही. राघू माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर शंकाच नव्हती. शेठ हो म्हणणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं.

मी म्हणालो, "बाटली माझ्या दुकानातली नाही. राघूभाऊचं वय झालंय."

ताशा वाजला. कुणीतरी राघूच्या हातातली बाटली काढून घेतली. भरतनं मानाचा नारळ त्याच्या हातात कोंबला, गेणभाऊनं आपल्या हातानं त्याला फेटा बांधला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेटा डोळ्यांवर उतरत होता, राघूनं तो सावरलासुद्धा नाही. पालखी त्याच्या समोरून गेली.

मी घरी गेलो तर पानबाईनं ताट वाढलं नव्हतं. पंधरा दिवसांत टोमॅटो लाल होऊन झाडाला सडायला लागला, तेव्हा गेणभाऊच स्वतः गाडी घेऊन गेला आणि दुसरीकडची नवी टोळी घेऊन आला. त्यांच्या झोपड्या त्याच जागेवर पडल्या. ठराव कपाटात आहे. तलावाचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही.

राघू त्याच्या आधीच गेला. जत्रेनंतर आठव्या दिवशी सकाळी मच्छिंद्र चाकणहून टेम्पो घेऊन आला. त्यात गादीवर रतनबाईला झोपवलं. मेंढरं आणि लादलेलं घोडं घेऊन राघू पायी निघणार होता, पारनेरला, भावकीत. दगडाच्या घराला कुलूप नव्हतं. कुणी थांब म्हणालं नाही. भागूबाई तेवढी रस्त्यापर्यंत आली, तोंडाला पदर लावून उभी राहिली.

कळप माझ्या दुकानापुढं आला तसा तो थांबला. मी पायरी उतरून रस्त्यावर आलो. संवत्सरीला अजून चार महिने होते. मी हात जोडले. 'मिच्छामि दुक्कडम' म्हणालो. वाटलं, म्हणेल, दर साली म्हणतो तसं म्हणेल, काय वाकडं केलंय शेठ तुमी माजं.

तो म्हणाला, "माजी माफी काय मागताय शेठ? तिला हुडका."

मग घोड्यावरच्या ओझ्यातून त्यानं फेटा काढला. नीट घडी घातलेला. माझ्या जोडलेल्या हातांवर ठेवला.

"ह्यो तुमाला ऱ्हाऊ द्या. तुमी आता गावचं झालात."

मेंढरं पुढं निघाली, रस्ता भरून गेला, दोन मोटारी हॉर्न वाजवत मागं अडकल्या. मी फेटा घेऊन दुकानात आलो आणि गल्ल्यामागच्या फळीवर ठेवला. अजून तिथंच आहे. राघूचा फोन लागत नाही. फुलमतीचा नंबर आमच्यापैकी कुणाकडंच कधी नव्हता.